उजवा दिवा

आमच्या घरामागं, जिथं पूर्वी म्हशींचा गोठा होता तिथं, पत्र्याच्या शेडात एक फियाट उभी आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. १९७४ साली कंपनीनं तिला हे नाव दिलं, पण आमच्या भागात तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही. फियाट म्हणजे फियाट. मुंबईत शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, तेव्हा पेपरात फोटो आले. आमची मात्र अजून चालते. रविवारी सकाळी मी ती चालू करतो, फाट्यापर्यंत नेतो आणि आणतो. बायको म्हणते, एवढ्या पेट्रोलात देवदर्शन झालं असतं.

अण्णांनी ती १९८८ साली सेकंडहँड घेतली, मुंबईतल्या मावशीच्या शेजाऱ्यांकडून. अण्णा प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. फंडातून पैसे काढले आणि गाडी आणली. आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, “एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या.” पण गाडी दारात आल्यावर हळदकुंकू तिनंच लावलं आणि चाकाखाली लिंबूही तिनंच ठेवलं.

अण्णा पन्नाशीला आल्यावर गाडी शिकले. उतारवयात शिकलेली माणसं चालवतात तशी चालवायचे, पुस्तकातली. आमच्याकडं तेव्हा गाडीवाले वळताना खिडकीतून हात बाहेर काढायचे, आणि पुष्कळ जण तेही करत नसत. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तो वळण्यासाठी की ‘जा बाबा पुढं’ म्हणून, हे मागच्यानं आपल्या नशिबावर ठरवायचं. ते आजही तसंच आहे. पण अण्णा इंडिकेटर द्यायचे म्हणजे द्यायचेच. आमच्या बोळात वळतानासुद्धा. बोळात कोंबड्या सोडल्या तर बघायला कुणी नसायचं. आम्ही हसलो की म्हणायचे, “सवय कोंबड्यांसाठी नसते रे.”

मी तेव्हा बारावी सायन्सला होतो. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, घरातला फ्यूज, शेजाऱ्यांचा रेडिओ, असं जे हाताला लागेल ते उघडायचो. बरंचसं परत चालूही व्हायचं. त्यामुळं गावात जरा नाव झालं होतं, आणि ते नाव माझ्या डोक्यात गेलं होतं.

गाडीचा पहिला पावसाळा संपला आणि इंडिकेटरचं दुखणं सुरू झालं. दांडी डावीकडं टाकली की नीट टकटक. उजवीकडं टाकली की दिवा एकदा पेटायचा आणि तसाच पेटून राहायचा. टक नाही की टिक नाही. डॅशबोर्डवरचा बारका हिरवा दिवाही मुका. अण्णांना चैन पडेना. उजवीकडं वळायचं झालं की दांडी टाकून वर हातही बाहेर काढायचे.

आता हा फ्लॅशर म्हणजे काय असतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अंगठ्याएवढा पत्र्याचा डबा असतो. त्याच्या आत दोन धातू एकावर एक जोडलेली एक पट्टी असते. पुढचा एक आणि मागचा एक, असे २१ वॅटचे दोन बल्ब एका बाजूला. म्हणजे ४२ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट त्या पट्टीतून जातो. करंटनं पट्टी तापते, तापली की वाकते, वाकली की जोड सुटतो, दिवा विझतो. दिवा विझला की पट्टी गार होते, सरळ होते, दिवा पुन्हा पेटतो. टकटक म्हणजे त्या पट्टीचा आवाज. आणि यातली मेख अशी, की दोनपैकी एक बल्ब उडाला किंवा त्याला करंट मिळेना झाला, की पट्टीतून निम्माच करंट जातो. पट्टी पुरेशी तापत नाही, वाकत नाही. टकटक बंद पडणं हा फ्लॅशरचा आजार नसतो. कुठंतरी दिवा गेलाय, जाऊन बघ, असं तो सांगत असतो.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा वाटलं, फ्लॅशर बिघडला.

मी तालुक्याच्या गावी गेलो. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळं दुकानात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं सामान मांडून ठेवलेलं. दुकानदारानं एक जाडजूड फ्लॅशर काढून दिला. “मास्तरांच्या गाडीला न्हवं? मग ह्यो लाव. ट्रॉलीचा हाय. ह्याला चार बल्ब जोड, सहा जोड, न्हाईतर एकच जोड, ह्यो टकटकणारच.” मला ते ऐकून आनंद झाला. तेच वाक्य ऐकून मी परत फिरायला पाहिजे होतं.

जुन्या फ्लॅशरला तीन पाय होते. एक बॅटरीकडून येणारा, एक दिव्यांकडं जाणारा, आणि तिसरा त्या बारक्या हिरव्या दिव्याचा. नव्याला दोनच. मग हिरवा दिवा कुठं जोडायचा? दुकानदारानंच युक्ती सांगितली. दोन वायरींचा सुटा होल्डर घ्यायचा, एक वायर डाव्या इंडिकेटरला, दुसरी उजव्या इंडिकेटरला. डावीकडं करंट आला की तो बारक्या बल्बातून उजव्या बाजूच्या मोठ्या बल्बांमार्गे अर्थ शोधतो. करंट इतका थोडा की मोठे बल्ब पेटत नाहीत, बारका पेटतो. उजवीकडं दांडी टाकली की उलट. फार हुशारीची जोडणी आहे ती, आजही मोटरसायकलींत चालते. अर्ध्या तासात मी सगळं जोडलं. दांडी उजवीकडं टाकली. टकटक, टकटक! हिरवा दिवा लुकलुकायला लागला. पुढच्या इंडिकेटरचा पिवळा उजेड गोठ्याच्या भिंतीवर पडत होता आणि विझत होता.

गाडीच्या मागं जाऊन मी बघितलं नाही. दहा पावलं होती.

अण्णांनी सगळ्या शाळेत सांगितलं, “पोरानं दुरुस्त केली. बाहेर दिली असती तर शंभर रुपये गेले असते.”

त्यानंतर महिनाभरात, मार्गशीर्षात, संध्याकाळची वेळ. कराड-विटा रस्त्यावरून आम्ही घरी येत होतो. अण्णा चालवत होते, मी शेजारी. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्याला लागलेल्या. धड दिवस नाही, धड रात्र नाही. अण्णांनी नुकतेच दिवे लावले होते. आमचा फाटा उजव्या हाताला. फाट्याच्या बरंच अलीकडं अण्णांनी दांडी टाकली, वेग कमी केला, समोरून येणारी ट्रॉली जाऊ दिली आणि वळवलं. त्याच वेळी मागनं येणारी राजदूत ओलांडायला म्हणून उजवीकडनं पुढं आली आणि अण्णांच्या दरवाजावर आदळली.

मोटरसायकलीवर शेजारच्या वाडीतला दूधवाला होता. दोन्ही बाजूंना कॅन. आवाज झाला तो कॅनचा. अण्णांच्या दंडाला मुका मार लागला. दूधवाल्याचं मांडीचं हाड मोडलं. डांबरावर दूध वाहत होतं, एक कुत्रं कुठनं तरी आलं आणि ते चाटायला लागलं, आणि तो माणूस आडवा पडल्या पडल्या त्याला हाकलत होता, “हाड, हाड.” मला तेवढंच स्पष्ट आठवतं.

त्याला कराडला दवाखान्यात नेलं. तो सारखं एकच म्हणत होता, “मास्तर, दिवा न्हवता ओ. दिवा असता तर म्या घातली असती व्हय गाडी?” आणि अण्णा म्हणत होते, “दिला होता बाळा. मी दिला होता.”

हवालदारानं जबाब घेतला. अण्णांनी सांगितलं, इंडिकेटर दिला होता. मला विचारलं. मी म्हणालो, “दिला होता. मी टकटक ऐकली. हिरवा दिवाही लागलेला बघितला.” खोटं काहीच बोललो नाही. गावात कुणी शंकाही घेतली नाही. मास्तर बोळात इंडिकेटर देणारा माणूस. दूधवाले तसेही घाईतच असतात, असं लोक म्हणाले. पारावर विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा देवळात गेले होते. मी गाडीत बसलो, चावी फिरवली, दांडी उजवीकडं टाकली आणि उतरून मागं गेलो. आत टकटक चाललेली. पुढचा दिवा लुकलुकत होता. मागचा उजवा इंडिकेटर काळा. आणि एक चमत्कारिक गोष्ट. दिव्यांचं बटण बंद असूनही शेजारचा लाल टेललाईट अगदी मिणमिणत होता, टकटकीच्या तालावर.

आदळल्यामुळं वायर तुटली असेल, असं मी मनाला सांगितलं. मग काचेचे दोन स्क्रू काढले. होल्डरच्या आत हिरवट पांढरी भुकटी साचलेली. दिवा जिथं बॉडीला नटानं आवळलेला, तिथं गंजाचे पापुद्रे. नट हातानं फिरत होता. एका रात्रीत गंज चढत नाही. मी काच परत लावली, स्क्रू आवळले आणि घरात येऊन जेवलो.

दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. या दोन दिवसांबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण खरं सांगायचं तर मी काही रडलो-बिडलो नाही. कॉलेजला गेलो, क्रिकेट खेळलो. फक्त कुठलीही टकटक ऐकू आली की पोटात कसंतरी व्हायचं. घरातलं भिंतीवरचं घड्याळ मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वह्या तपासत होते. मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “दाखव.” ते गाडीच्या मागं उभे राहिले, मी आत बसलो.

“टाक.”

मी दांडी टाकली.

“बंद कर. परत टाक.”

तिसऱ्यांदा पण तसंच सांगितलं. मला आरशात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, नुसतं धोतर दिसत होतं. मग आवाज आला, “चप्पल घाल.”

आम्ही एसटीनं कराडला गेलो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. दवाखान्यात दूधवाल्याच्या पायाला वजन बांधून टांगलेलं. त्याची बायको खाली बसून भाकरी बांधून ठेवत होती. अण्णा कॉटजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “तुझं बरोबर होतं. दिवा पेटत नव्हता.”

बाई ताडकन उठली. “आता सांगून काय मास्तर? त्यानं हाड जुळतंय व्हय?” आणि ती जे बोलली ते सगळं अण्णांनी मान खाली घालून ऐकलं. ते मी इथं लिहीत नाही. तिचं चूक नव्हतं. दूधवाला बराच वेळ वर पंख्याकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, “पर मग ती टकटक कशाची व्हती?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “तू सांग.”

पाय टांगलेल्या माणसाला मी फ्लॅशर समजावून सांगितला. जुना का थांबत होता, नवा का थांबला नाही, हिरवा दिवा मी कुठं जोडला होता. तेवढं मला दोन दिवसांत आपोआप कळलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे आत बसलेल्याला वाटायचं दिवा हाय, आन् भाईरच्याला काय बी न्हाई.”

तिथनं आम्ही ठाण्यात गेलो. अण्णांनी जबाब बदलून दिला. हवालदार म्हणाला, “मास्तर, मिटलं व्हतं की ओ.” दवाखान्याचा खर्च अण्णांनी केला. फंडातले उरलेले गेले आणि आईच्या पाटल्या गेल्या. आणि दूधवाल्याचं रतीब, ते मी घातलं. साडेतीन महिने. पहाटे चारला उठून वाडीवर जायचं, सायकलीला कॅन बांधायचे, घरं फिरायची, मग कॉलेज. ती बाई दूध मोजून देताना पहिले पंधरा दिवस माझ्याकडं बघायचीही नाही. सोळाव्या का सतराव्या दिवशी थंडी फार होती, तिनं न बोलता चहाची वाटी पुढं केली.

गाडीचं काम मिस्त्रींनी केलं. विट्याच्या स्टँडजवळ लिंबाखाली बसायचे. शाळा चौथी. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “आजाऱ्याचं तोंड दाबलंस, आजार तसाच ऱ्हायला.” मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्यांच्याकडं मीटर नव्हता. एक १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला दाभण. बस.

चिमटा त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दाभण मागच्या उजव्या होल्डरच्या आतल्या टोकाला टेकवलं. हातातला बल्ब टकटक पेटला. “करंट आला का? आला. मंग दिवा का पेटंना?” मी गप्प. मग चिमटा पॉझिटिव्हला लावला आणि दाभण होल्डरच्या पत्र्याला टेकवलं. बल्ब काळा. तेच दाभण बॉडीच्या खरवडलेल्या जागी टेकवलं, बल्ब लख्ख. “करंट आला आसंल, पर त्याला परत जायाला वाट नगो?” अर्थिंग गेलं होतं. चाकानं उडवलेलं पाणी डिकीच्या कोपऱ्यात साचून गंज चढलेला. टेललाईट का मिणमिणतो तेही त्यांनी सांगितलं. दोन्ही बल्ब एकाच पत्र्यावर. इंडिकेटरच्या करंटला अर्थ मिळेना, म्हणून तो शेजारच्या टेललाईटच्या बल्बात शिरायचा आणि त्याच्या वायरीवरनं बाकीच्या दिव्यांमार्गे कुठंतरी अर्थ गाठायचा. एवढ्या लांबच्या वाटेनं करंट उरायचा थोडा. तेवढ्यात ५ वॅटचा बल्ब मिणमिणतो, २१ वॅटचा तापत पण नाही. त्यानंतर कुठल्याही जुन्या गाडीचा एक दिवा लावला आणि भलताच दिवा मिणमिणला, की मी बल्ब, फ्यूज काही बघत नाही, आधी अर्थिंगला हात घालतो. आजवर क्वचितच चुकलोय.

निगेटिव्हपासून एक सुटी वायर त्यांनी होल्डरच्या पत्र्याला टेकवली. मागचा दिवा पेटला. मी तो पेटलेला त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मग पॉलिश पेपरनं गंज घासला, होल्डरला अर्थची वेगळी वायर सोल्डर करून ती खरवडलेल्या बोल्टखाली आवळली, वर ग्रीस. तीन पायांचा जुना फ्लॅशर परत बसवला. तो पहिल्या फटक्यात दोन्ही बाजूंना टकटकला. त्याला काहीच झालेलं नव्हतं. ट्रॉलीचा फ्लॅशर मी ओढ्यात टाकायला निघालो तर मिस्त्री म्हणाले, “त्येचा काय गुन्हा? ठेव डिकीत.”

तो पाच-सहा वर्षांनी कामाला आला. एका रात्री ऐन हंगामात कडेगावच्या अलीकडं फॅनबेल्ट तुटला. गाडी रस्त्याच्या कडेला, मागनं बिनदिव्याच्या ट्रॉल्या आणि त्यांना चुकवत येणारे ट्रक. दोन तास मी बॅटरी हलवत मागं उभा होतो. त्यानंतर ठरवलं, चारी दिवे एकदम लुकलुकणारी पार्किंग लाईट बसवायची. आमच्या गाडीला ती नव्हती. डाव्या-उजव्या वायरी एका खटक्यानं जोडल्या की चारी पेटतील, हे मला कळत होतं. मिस्त्री म्हणाले, पेटतील, पण चावी चालू ठेवावी लागंल. इंजिन बंद आणि चावी चालू, त्यात पॉइंट मिटलेले राहिले तर कॉईल तापून जाते. म्हणजे बिघडलेली गाडी आणखी बिघडायची. म्हणून वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीवरनं वायर आणली. चार बल्बांचे ८४ वॅट, सात अँपिअर, ते साध्या फ्लॅशरला झेपत नाही. तिथं तो ट्रॉलीचा बसवला. आणि खटका असा घेतला की तो दाबला की नेहमीच्या फ्लॅशरची वायर आधी तुटते. नाहीतर दांडी चुकून वळवलेली राहिली तर करंट उलटा चावीकडं घुसतो. “आता ह्याला ह्याचं काम मिळालं,” मिस्त्री म्हणाले.

हल्ली माझा मुलगा चौकात सरळ जायचं असलं की चारी दिवे लावतो. सगळेच लावतात. मी सांगून थकलो, अरे, अर्धी गाडी दुसऱ्या गाडीआड असली तर त्याला तुझा एकच दिवा दिसतो, त्याला वाटतं तू वळतोयस. तो म्हणतो, “बाबा, तुमचं आपलं काहीतरी.”

दूधवाल्याचा पाय जुळला, पण बोटभर आखूड राहिला. पुढं त्यानं लूना घेतली, मग स्कूटर. रस्त्यात आमच्या गाडीमागं आला आणि अण्णा वळायला लागले, की तो थांबायचा. गाडी वळली की शेजारी येऊन खिडकीशी वाकून म्हणायचा, “मास्तर, उजवा पेटतोय हां.” टोमणा होता की खरंच सांगायचा, मला कधी कळलं नाही. अण्णा प्रत्येक वेळी म्हणायचे, “बरं झालं सांगितलंस.” वीस वर्षं हे चाललं. २००९ मध्ये अण्णा गेले, तेव्हा तो काठी टेकत आला आणि बराच वेळ गोठ्याकडं, गाडीशेजारी उभा होता.

तात्या आता सत्तरीच्या पुढं आहेत. दूध मुलगा घालतो. रविवारी सकाळी मी गाडी काढायला लागलो की कधीतरी ते फिरत फिरत येतात. मागचे दिवे बघायला दुसरं माणूस लागतंच. मी आत बसून हाक मारतो, “तात्या, बघा की जरा.” दांडी उजवीकडं टाकतो. टकटक सुरू होते. आरशात त्यांची काठी वर होते.

“पेटतोय,” ते म्हणतात. “डावा बी टाक.”